शिकलो, पण स्वतःचे काय लिहिले?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सदाशिव पेठेत झालेल्या सभेतील भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. आम्ही गिरणी कामगार. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, रद्दीच्या कागदांवर आणि मोर्चात झाले. संयोजकांनी विषय दिला आहे 'स्वातंत्र्य, शिक्षण आणि माणसाची निर्मितीशक्ती'. लहान तोंडी मोठा घास आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

ही सभा सदाशिव पेठेत होते आहे याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो. आपल्या वस्तीतल्या किती आयाबहिणींनी या पेठेतल्या वाड्यांत धुणीभांडी केली! आमची आई त्यातलीच. कोणत्या वाड्यातली मोरी कुठे हे तिला अंधारात सांगता यायचे, पण दारावरच्या पाटीवर नाव काय लिहिलेय ते वाचता येत नव्हते. अक्षरांच्या पेठेत ती तीस वर्षे वावरली आणि अक्षराशिवाय गेली.

आता याच पेठेतल्या विश्रामबागवाड्याकडे बघा. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना. त्याच वाड्यात, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, सरकारने जाहीर सभा भरवून मेजर कँडी यांच्या हस्ते महात्मा जोतिराव फुल्यांचा सत्कार केला. कशाबद्दल? मुलींना शिकवल्याबद्दल! ज्या वाड्यात आपल्याला शब्द ऐकायची बंदी, त्या वाड्यात आपल्याला शब्द देणाऱ्याच्या अंगावर शाल पडली. एकतीस वर्षांत एवढा फरक पडला बंधूंनो, आणि तो आपोआप पडलेला नाही. त्यासाठी सावित्रीमाईंनी अंगावर शेण झेललेले आहे.

हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हाला आज त्याच्या पुढचे सांगायचे आहे. भिडे वाड्यात शाळा निघाली १८४८ साली. (ती जुनी इमारत स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडली.) त्यानंतर सहा-सात वर्षांत काय झाले ते बघा. लग्न होऊन आल्यावर नवऱ्याकडून शिकलेल्या सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ साली छापला गेला. १८५५ साली जोतिबांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, पण लिहायचे त्यांनी लिहिले. आणि त्याच १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध आला. मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची पोर.

काय लिहिले तिने? आपल्या मांग-महारांचे दुःख लिहिले. वाड्यांच्या पायात आपली माणसे गाडली जात होती ते लिहिले. बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते ते लिहिले. आणि मोठमोठ्या पंडितांना विचारले, की ग्रंथ बघायचासुद्धा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता? बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली १९३५ साली. त्याच्या ऐंशी वर्षे आधी हा प्रश्न एका शाळकरी मुलीने पुण्यात विचारलेला आहे.

तिला हा निबंध कोणत्या पुस्तकातून मिळाला? कुठूनही नाही. तो कुठे लिहिलेलाच नव्हता. शाळेने तिला अक्षर दिले, प्रश्न तिचा होता. आम्ही याला निर्मिती म्हणतो. निर्मिती म्हणजे काही फक्त मोठे काव्य नव्हे. जे आपण पाहिले, सोसले, ते आपल्या शब्दात पहिल्यांदा मांडणे म्हणजे निर्मिती. आणि ती ज्याला करता येते तोच खरा स्वतंत्र.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण विहारात खोटे बोलू नये.

आमची मुलगी पाचवीत असताना तिला शाळेत 'माझे वडील' हा निबंध आला. दहापैकी आठ मार्क पडले. आम्ही रात्रपाळी करून सकाळी आलो तर पोरगी वही घेऊन उभी. आम्ही वाचला. 'माझे वडील रोज सकाळी बॅग घेऊन ऑफिसला जातात. संध्याकाळी येताना खाऊ आणतात. रविवारी आम्ही बागेत जातो.' आमच्या कानात तेव्हा यंत्राची घरघर चालू होती आणि केसात कापसाचे तंतू होते. आम्ही विचारले, बाळा, हा कुणाचा बाप? ती म्हणाली, "गाईडमधला." आम्ही पुढे काय बोलणार? ते गाईड अप्पा बळवंत चौकातून आम्हीच आणले होते, ओव्हरटाइमच्या पैशातून. पाठ कर म्हणून दमही आम्हीच दिला होता.

मुक्ताला गाईड नव्हते, म्हणून तिने आपल्या माणसांचे दुःख लिहिले. आमच्या लेकीला गाईड मिळाले, आणि तिच्या वहीतून तिचा बापच गेला. दोष पोरीचा नाही. शाळेलाही सगळा देऊ नये. दोष आमचाही आहे, कारण आम्ही स्वतः तेच करत होतो.

तरुणपणी आम्ही युनियनमध्ये आणि जयंतीच्या स्टेजवर भाषणे ठोकायचो. सगळी उसनी. पुस्तकातले उतारे पाठ करायचे, आवाज चढवायचा, टाळ्या घ्यायच्या. एकदा खात्यातले एक वयस्क कामगार सभेनंतर जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "हे बाबासाहेबांचं झालं. तुझं काय?" त्या दिवशी राग आला. पण प्रश्न काही पाठ सोडीना.

गिरणीत आमचे काम सूत कातायच्या खात्यात. चालू यंत्रावर तुटलेला धागा चिमटीने जोडायचा. ते पुस्तकात शिकता येत नाही, बोटांना शिकवावे लागते. एकदा आमच्या लक्षात आले की एका कोपऱ्यात हवा नीट खेळत नाही आणि तिथलाच धागा जास्त तुटतो. आम्ही वरच्या माणसाला जाऊन सांगितले. तो म्हणाला, "तुला डोकं चालवायला ठेवलेलं नाही, हात चालव." बंधूंनो, मनुस्मृती याहून वेगळे काय सांगते? हात तुझे, डोके आमचे. हाताला पगार मिळाला म्हणजे माणूस स्वतंत्र होत नाही. त्याच्या डोक्यालाही जागा मिळाली पाहिजे.

आणि आपल्या लोकांनी ती जागा झगडून घेतलेली आहे. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईला गिरणीत राबले, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहिली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अर्पण केली म्हणजे नक्कल केली नव्हे. लेखणी बाबासाहेबांकडून घेतली, फकिरा स्वतःच्या वारणेच्या खोऱ्यातून आणला. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि पुढे त्यांच्या गाण्यांवर पिढ्या जाग्या झाल्या.

आपल्या धम्मात तर याला फार जुना आधार आहे. दोन ब्राह्मण कुळातले भिक्खू तथागतांकडे आले आणि म्हणाले, आपली वाणी वेदांसारख्या छंदात बांधू या, लोक आपापल्या बोलीत ती बिघडवतात. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत धम्म शिकावा अशी मोकळीक दिली. थेरीगाथेत पुण्णा म्हणून एक थेरी आहे. मूळची दासी, थंडीत नदीवरून पाणी वाहणारी. पाण्यात बुडून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती म्हणते, असे असेल तर मासे-बेडूक आधी स्वर्गात जातील! हा विचार तिला पाणी वाहता वाहता सुचला. आमच्या आईला इथल्या मोरीवर भांडी घासताना काय काय सुचले असेल? ते सगळे तिच्याबरोबर गेले. हे नुकसान एकट्या आमच्या घरचे नाही, साऱ्या देशाचे आहे.

आज या पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. गावोगावची पोरे एका खोलीत चौघे राहून, मेसचा डबा खाऊन, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यात आपलीही आहेत. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. पोट आधी, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. नोकरी मिळालीच पाहिजे, आरक्षण टिकलेच पाहिजे. पण उद्या साहेब झालेल्या आपल्याच मुलाने समोरच्या कामगाराला 'हात चालव' म्हटले, तर आपण काय कमावले?

आपल्या विहाराच्या खोलीत फक्त परीक्षेची पुस्तके ठेवावीत आणि मुलांच्या गोष्टींचे, चित्रांचे कपाट काढून टाकावे, अशी सूचना कमिटीत आली आहे. जागा कमी आहे हे खरे. तरी आमची हात जोडून विनंती आहे, ते कपाट राहू द्या. उलट दर रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांना द्या. त्यांनी आपल्या घराबद्दल, वस्तीबद्दल स्वतःच्या शब्दात लिहावे, चित्र काढावे, गाणे रचावे. गाईड दाराबाहेर ठेवायचे, चपलांच्या शेजारी! मोठ्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, बाप बदलू नये.

आमची ती मुलगी आता नोकरी करते. परवा तिने आजीवर दोन पाने लिहून आणली. त्यात मोरी आहे, पाटी आहे, फुटलेल्या टाचा आहेत. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. पण आजी आमचीच आहे.

ती पाने पुढच्या स्मरणिकेसाठी आम्ही कमिटीकडे देत आहोत. तुमच्या घरातली पानेही येऊ द्यात.

जयभीम! नमो बुद्धाय!