शंभर यार्डांच्या आत
(पालक सभेत केलेले भाषण)



तंबाखू विकणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. मात्र ती कोणाला, कोठे आणि कशात मिसळून विकावी, यावर कायद्याने बंधने घातली आहेत. २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या सहाव्या कलमानुसार १८ वर्षांखालील मुलाला सिगारेट, विडी वा तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती कोणालाच विकता येत नाही. हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून चोहोबाजूंनी मोजायचे असते. एकशे एकाव्या यार्डावर दुकान थाटले, की ते कायदेशीर! आणि दंड किती, तर २०० रुपयांपर्यंत.

गुटख्याची कथा याहून मासलेवाईक आहे. महाराष्ट्राने २००२ साली घातलेली बंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू घालण्यास मनाई केली आणि त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली. असा आदेश एका वेळी फार तर एका वर्षासाठी काढता येतो. सुपारी, कात, चुना व तंबाखू यांचे तयार मिश्रण बंद झाले. पण साध्या तंबाखूची पुडी खुली, चुन्याची डबी खुली. मिश्रण आता तळहातावर होते, इतकेच.

या अर्ध्या बंदीला नावे ठेवणे सोपे आहे. विड्या वळून ज्यांची चूल पेटते त्या बायाबापड्यांचा विचार केला, की माझी जीभ जरा अडखळते.

माझी तक्रार आपल्याविषयी आहे. दुकानात पोर सांगते, "अब्बांनी मागवलीय," आणि बहुधा ते खरेच असते. मीही लहानपणी आजोबांची तंबाखू आणीत असे. उरलेले पाच पैसे मला मिळत. त्या पुडीचा वास मला त्याच वयात आवडू लागला. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगते. 'देणारा' एवढेच म्हणून ते थांबत नाही, 'देवविणारा'ही म्हणते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या कोणी दुकानात पिटाळले, तर "मला अठरा पूर्ण झालेली नाहीत," असे अदबीने सांगा. आणि पालकहो, मुलाने तसे सांगितले तर रागावू नका. चपला घालून स्वतः जा.