कराडच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत

न्यूयॉर्कहून मुंबई सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ मारली, तर ती सहारा वाळवंटावरून जाते. आता पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो आधी उत्तरेला चढतो, आइसलंडजवळून नॉर्वेत शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास खाली वळतो आणि तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, सिंध करत मुंबई गाठतो. सर्वांत जवळची वाट ही.

पण ती मोकळी असेल तर! २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं भारतीय विमानांना. वळसा पडला की इंधनही वाढतं आणि तासही. त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. मुंबईला जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून. म्हणून थेट विमान जाताना साधारण १४ तास घेतं, येताना १५-१६, कधी त्याहूनही जास्त.

विमानं नव्हती तेव्हा, डॉक्टरकी शिकायला आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं अठरा. तिथून त्या आपल्याच न्यू जर्सीत, रोझेलला आपल्या अमेरिकी स्नेही कार्पेंटरबाईंच्या घरी आल्या. दोन महिन्यांच्या त्या प्रवासाचे हाल आपल्याला कल्पनेतही सोसायचे नाहीत. एक गोष्ट मात्र बोटीत होती: घड्याळ रोज थोडंथोडंच सरकायचं, शरीराला सवय व्हायला वेळ मिळायचा. विमान उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक एकदम अंगावर टाकतं. शरीर दिवसाला साधारण तासाभराचाच फरक पचवतं. पूर्वेकडे जाताना तर अधिक जड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं नाही.

म्हणून भारतातून इकडे येणाऱ्या आईवडिलांना ‘एका रात्रीत पोचाल’ असं सांगणं मला पटत नाही. ते कराडला राहत असतील, तर मुंबईपर्यंत गाडीचे सहा-सात तास. विमानतळावर तीन तास आधी. मग सोळा तास आकाशात. इथे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, एडिसनपर्यंतचा रस्ता. तीस तास होतात, आणि त्यांत सलग झोप जवळजवळ नाहीच. सत्तरीतल्या माणसाची ही परीक्षा आपण तिकिटाच्या दराकडे बघून ठरवतो, याचं मला वाईट वाटतं.

परवडत असेल तर त्यांना थेट विमानच द्या. आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम ठेवा. आतल्या वाटेजवळची जागा घ्या, म्हणजे कुणाला न उठवता त्यांना दर दोन तासांनी चार पावलं चालता येईल. विमानतळावर व्हीलचेअर मागायला आई लाजेल. तिच्या वतीने तुम्हीच तिकिटासोबत नोंदवून टाका. आणि ती दोघं पोचली की पहिला आठवडा घरातच राहू द्या. दुपारी उन्हात थोडं फिरवा, रात्री दोनला जाग आली तर चहा करून द्या. नायगारा दुसऱ्या आठवड्यात बघता येईल.