भंगाराच्या गाळ्यातले रसायनशास्त्र



मला विषय दिला आहे शाश्वतता आणि रिसायकलिंग. एवढ्या वेळात मी त्यातले फक्त प्लास्टिक घेते. मी पर्यावरण अभियांत्रिकीत संशोधन करते, पण या विषयातले बरेचसे मी भंगाराच्या गाळ्यांत शिकले. धारावीचे तेरा कंपाउंड तुम्ही ऐकून असाल. मालेगावात यंत्रमागांबरोबर जुन्या प्लास्टिकपासून शेतीचे पाइप बनवणारे कारखाने आहेत. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरचाच हा धंदा असेल. कॉलेजात ते सांगायला संकोच वाटतो, हेही मला माहीत आहे.

'प्लास्टिक' ही एक वस्तू नाही. पाण्याची बाटली पेटची, तिचे झाकण बहुधा पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे. दोन्हींचे तुकडे करून बादलीभर पाण्यात टाका. झाकण तरंगते, बाटली बुडते, कारण पेटची घनता १.३८ च्या आसपास आणि झाकणाची १ पेक्षा कमी. गाळ्यातला कामगार हीच युक्ती रोज वापरतो. घनता हा शब्द त्याने कधी ऐकला नसेल, एवढेच.

अडचण पीव्हीसीची. तेही बुडते. पेट वितळवायला २५० अंशांहून जास्त तापमान लागते आणि त्याच्या कितीतरी आधी पीव्हीसी फुटून त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. पेटच्या ढिगात थोडेसे पीव्हीसी गेले तरी सगळा माल पिवळा पडतो, कमजोर होतो आणि भाव पडतो. म्हणून कामगार तुकडा पेटवून ज्योत बघतो, वास घेतो आणि अचूक सांगतो. त्याच्या नाकावर माझा विश्वास आहे. पण त्या नाकातून रोज काय आत जाते, हा माझ्या कामाचा खरा प्रश्न आहे.

तांब्यासाठी वायर जाळणे त्याहून वाईट. वायरीवरचे पीव्हीसी तांब्यासकट उघड्यावर जळते तेव्हा डायॉक्सिन तयार होतात, आणि त्याच गल्लीत मुले खेळत असतात. वायर सोलायचे साधे यंत्र मिळते. शिवाय सोललेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव चांगला येतो. मग लोक जाळतात का? बारीक वायर सोलायला वेळ लागतो आणि जाळायला आगपेटी पुरते. इंजिनिअरिंगला असलेल्यांनो, बारीक वायर भराभर सोलणारे, परवडणारे यंत्र हा शेवटच्या वर्षाचा चांगला प्रोजेक्ट आहे. पुन्हा एकदा लाइन फॉलोअर रोबो नको.

आता चिप्सचे पाकीट. त्यात प्लास्टिकचे दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा. भंगारवाला ते हातात घेत नाही. त्याला आळशी म्हणू नका. थर वेगळे होत नाहीत, म्हणून त्याला गिऱ्हाईकच नाही. पाकिटाचे पुढे काय होणार, हे ते बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्याला मात्र कचरा नीट टाका एवढेच सांगितले जाते.

कायदा निदान तिथपर्यंत पोचला आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि उत्पादकाची जबाबदारी आकड्यांत मांडली गेली. कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असावे, असे उद्दिष्ट आहे. कंपन्यांना ही जबाबदारी पुरी केल्याची प्रमाणपत्रे रिसायकलरकडून विकत घेता येतात. म्हणजे दाण्याच्या भावावर वेगळे उत्पन्न.

पण फक्त नोंदणीकृत रिसायकलरला. नोंदणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि संमती हवी तर धुण्याच्या पाण्याची आणि धुराची व्यवस्था दाखवावी लागते. पोटमाळ्यावर चालणारा गाळा तिथेच अडतो. वर्षानुवर्षे शहराचे प्लास्टिक निवडणारा माणूस या पैशाबाहेर राहतो आणि कालपरवा आलेला, कागदपत्रे पक्की असलेला आत शिरतो. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि पुढे त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर काम घेतले. एकेकट्या गाळेवाल्याला न परवडणारी सांडपाण्याची टाकी आणि धूर ओढणारी चिमणी दहा जणांना मिळून परवडू शकते. हिशेब मांडायला कॉमर्सची मुले हवीत, अर्ज लिहायला कायद्याची.

चहानंतर मी इथेच आहे. ज्यांच्या घरी गाळा आहे त्यांनी थांबा. कोणता माल येतो, पाणी कुठे सोडता, जीएसटी आहे का, एवढे सांगा. अर्ज कुठे अडेल ते आजच पाहू.