पहिली बंदूक
(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका पोराने उठून विचारलं, 'दादा, पहिली बंदूक घ्यायचीय. खिशात पैसे कमी. कोणती घेऊ?' सगळे हसले. मी हसलो नाही. तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारला होता, आणि मला सरळ उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

आमच्या गावात बंदूक एकच. दुबारी. पाटलाच्या माडीवर खुंटीला. माझ्या आज्याने ती पुसली, तेल पाजलं, शिकारीला खांद्यावरून वाहिली. चालवली मात्र कधीच नाही. म्हणून तुमच्या डोळ्यांत बंदूक का चमकते ते मला कळतं. पण चमक निराळी आणि खरेदी निराळी.

सगळ्यात स्वस्त मिळतो तो गावठी कट्टा. त्याचं नाव काढू नका. कुठल्या पाइपाची नळी, कसलं पोलाद, कुणाला ठाऊक? समोरच्याला लागायच्या आधी आपल्याच पंजात फुटतो. आणि नाही फुटला तर शस्त्र कायदा आहे. मोठ्या घरचं पोरगं वकील लावून सुटेल. तुझी माय तारखांना फेऱ्या मारून म्हातारी होईल.

परवान्याची बंदूक? वय एकवीस लागतं, पोलीस चौकशी होते. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात कलेक्टरकडे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५चे नियम आहेत, त्यातला तिसरा नियम वाचा. अत्याचार होतात त्या भागात सवर्णांचे परवाने रद्द करता येतात आणि गरज वाटली तर दलित-आदिवासींना परवाने देता येतात, असं त्यात लिहिलंय. किती अर्ज केले आपण? तो विषय मोठा आहे, त्याची वेगळी बैठक घेऊ.

आज बोलतोय ते नेमबाजीबद्दल. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअर गन घ्यायला परवाना लागत नाही. सुरुवात तिथूनच. दहा मीटरवर टार्गेट. दहा मीटर म्हणजे किती, तर आपल्या चाळीची गॅलरी.

मी काय केलं ते सांगतो. बाप गिरणीतून घरी बसलेला. मी हप्त्यावर रायफल घेतली, स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. दुकानदार म्हणाला, 'चॅम्पियन हीच वापरतात.' थाप! असल्या बंदुकीत छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच जड पिस्टन धावतो, हिसका बसतो. सहा महिने मी स्वतःला शिव्या घातल्या, आपला हातच नालायक म्हणून. मग क्लबातल्या एका म्हाताऱ्या कोचने स्वतःचं पिस्तूल हातात दिलं. दहा छर्रे मारले. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्यात बसले. मी संडासात जाऊन रडलो. हप्ते मात्र अजून आठ बाकी होते.

म्हणून सांगतो, पहिली बंदूक विकत घेऊच नका. तीन-चार महिने क्लबाची वापरा. आणि पैसे कमी असतील तर रायफल नको, पिस्तूल. कारण रायफल नुसती रायफल नसते. कॅनव्हासचं जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, सगळं अंगाच्या मापाचं. त्यात रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पिस्तुलाचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा. पिस्तुलाला एक हात आणि सपाट तळाचे बूट पुरतात.

छर्रे पाचशेच्या डब्यात येतात. स्पर्धेत साठ मारायचे असतात. रोज साठ मारले तर डबा आठ दिवसांत खलास. हा खर्च आधी मांडा, पिस्तुलाचा नंतर. छर्रा शिशाचा असतो, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

पुढे घ्यायचंच झालं तर जुनं घ्या, पण कोचला दाखवून. दांडी ओढून हवा भरायचं जुनं पिस्तूल गरिबाला बरं. सील गेलं तर बदलता येतं, सिलिंडरची भानगड नाही. सिलिंडरवालं असेल तर त्यावर कोरलेली तारीख बघा. बहुतेक कंपन्या दहाच वर्षं धरतात. तारीख उलटलेली असली की स्वस्तात गळ्यात मारायला बघतात साले.

घरी काय करायचं? लिटरची पाण्याची बाटली भरा. हात सरळ करून धरा, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर. एक मिनिट. शेजारी हसतील, हसू द्या. २०२४ला पॅरिसमध्ये रायफलीत ब्राँझ घेणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता. २०१०ला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. आणि आपल्या पोरींनो, तुम्ही मागे का बसलाय? या खेळात अंगापिंडाला काही किंमत नाही.

रविवारी सकाळी सातला नाक्यावर जमू. क्लबाची दोन पिस्तुलं मिळतील, वर्गणी जमेल तशी द्या. चपला घालून येऊ नका, बूट नसतील तर आदल्या दिवशी मला सांगा. भावाचे आहेत, नऊ नंबरचे.