रावांचे बेडूक

बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजवरून आपण नित्य जातो. तेथील प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९३७ साली दक्षिणेतील बेडकांच्या कित्येक नव्या जाती वर्णिल्या. पुढे त्यांचे मूळ नमुनेच हरवले. मग वर्णन नेमके कोणत्या बेडकाचे, हे ताडून पाहावे कशाशी?

तथापि २०१० साली झुडपांतील बेडकांच्या एका प्रजातीला रावांच्या स्मरणार्थ ‘राओर्केस्टेस’ हे नाव लाभले, तेही राव ज्याचे आद्य संपादक होते त्या ‘करंट सायन्स’मध्येच! या बेडकांना पाण्यातले शेपटीचे बालपण नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच निघतो. २०१३ साली पुण्याच्या डॉ. आनंद पाध्ये प्रभृतींनी सह्याद्रीतील अशाच एका नव्या जातीला प्रा. हेमंत घाटे यांचे नाव दिले. आपल्या पुण्याचे घाटे आणि आपल्या बंगळूरचे राव आता एकत्रच लिहिले जातात: राओर्केस्टेस घाटेई.