तळ्याकाठची बदके आणि त्यांची घरटी
(बेळगुंदी परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावच्या पश्चिमेस बेळगुंदीचा परिसर पाण्याने संपन्न आहे. मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय जवळच असून पावसाळ्यात भातखाचरे व तळी तुडुंब भरतात. अशा पाण्याच्या आश्रयाने राहणारी सर्वच बदके जमिनीवर घरटे करीत नाहीत. धनवर बदक काठच्या गवतात अंडी घालते. परंतु काणूक, नाकेर आणि पुष्कळदा अडई यांना जुन्या झाडाची ढोली लागते. पोकळ झाड निरुपयोगी समजून सरपणासाठी तोडले की या पक्ष्यांचे घरच जाते.

ढोलीच्या अभावी लाकडी पेटी उपयोगी पडते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९३०च्या दशकात वूड डक या बदकासाठी अशा पेट्या मोठ्या प्रमाणावर लावण्यात आल्या. बदके आली, पण त्यांच्यामागोमाग रॅकून हा झाडावर चढणारा प्राणीही आला आणि त्याने अंडी फस्त केली. संरक्षणाविना टांगलेली पेटी म्हणजे शत्रूसाठी वाढून ठेवलेले ताटच होय. आपल्याकडे हेच काम धामण, घोरपड, उंदीर व मुंगूस करतात.

म्हणून पेटी शक्यतो झाडावर न टांगता पाण्यात रोवलेल्या स्वतंत्र खांबावर, पुराच्या पातळीहून दीड-दोन मीटर उंच बसवावी. पेटीखाली खांबाभोवती सुमारे ९० सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा शंकू, उपड्या नरसाळ्याप्रमाणे, घट्ट बसवावा. जवळची फांदी खांबापर्यंत पोहोचत असेल तर शंकूचा उपयोग शून्य. वूड डकच्या पेटीची उंची ६० सेंटीमीटर, रुंदी २५ ते ३० सेंटीमीटर आणि दार १० × ७.५ सेंटीमीटरचे, आडवे लंबगोल असते. काणूक त्याहून लहान असल्याने तिला हे माप पुरते. नाकेर मात्र थोराड पक्षी आहे. त्याच्यासाठी जुनी झाडे राखणे हाच खरा उपाय.

बदक घरट्यासाठी काड्या आणीत नाही. त्यामुळे तळाशी आठ-दहा सेंटीमीटर लाकडाचा भुसा पसरावा व पाणी निघून जाण्यास बारीक छिद्रे ठेवावीत. दाराखालची आतली बाजू खडबडीत असावी. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांतच आईच्या हाकेसरशी तेथून चढून खाली उड्या घेतात. गुळगुळीत फळी असेल तर ती आतच अडकून मरतात.

विणीचा हंगाम पावसाळ्याचा. तेव्हा मृग लागण्यापूर्वी पेटी तयार हवी. सर्व पेट्या एका रांगेत, उघड्यावर लावू नयेत. तसे केल्यास अनेक माद्या एकाच पेटीत अंडी टाकतात व ती उबविली जात नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटे छेडणे हाही शिकारीचाच प्रकार गणला जातो, याची जाणीव मुलांना शाळेतच द्यावी.

उन्हाळ्यात पेटी साफ करताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून नोंद करवून घ्यावी. तळाशी टरफलांचे तुकडे व पातळ पापुद्रे सापडले तर पिल्ले सुखरूप गेली. अंडी घातलेली पाहिली होती आणि आता टरफलाचा मागमूसही नाही, तर सापाने ती सगळी गिळली असण्याचा संभव अधिक. अशा खांबाचा पत्रा प्रथम तपासावा.