पोलादाला पाणी देण्याची विद्या
(वेंगुर्ले येथें शिकाऊ मुलांमुलींपुढें केलेलें भाषण)



आपल्याच तालुक्यांतील रेडीच्या खाणींतून लोखंडाचें खनिज जहाजें भरभरून परदेशीं गेलें. आणि आम्ही कोयता मात्र बाजारांतून परगांवचा आणतों! कां? तर लोहाराच्या हाताला देवाची कृपा लागते, असें आम्हांस वाटतें. ती कृपा नव्हे, विद्या आहे; पाहून व करून ती कोणासही शिकतां येते.

आधीं माल ओळखा. साध्या नरम लोखंडांत कर्बाचा अंश शेंकडा पाव किंवा त्याहून कमी असतो. त्याला पाणी दिलें तरी धार टिकत नाहीं. मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यांत तो शेंकडा अर्ध्याहून अधिक असतो. कोयत्यास हाच पाटा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला नळ वा पत्रा भट्टींत कधींही घालूं नये. त्याच्या धुरानें ताप भरतो.

आतां ताव. पाटा नारिंगी लाल झाला कीं घडावा. लाली काळवंडली कीं हातोडा थांबवून पुन्हां भट्टींत घालावा. थंड पोलाद ठोकल्यास चीर पडते. ठिणग्या फुलूं लागल्या तर पोलाद जळलें समजा.

घडण झाल्यावर पातें सर्वत्र सारखें तापवावें. सुमारें ७७० अंशांवर चुंबक त्याला चिकटेनासा होतो. त्याहून थोडा अधिक ताव देऊन पातें कोमट तेलांत बुडवावें. पाण्यांत हें पोलाद तडकण्याचें भय. तेल पेट घेतें, म्हणून गवती छपरापासून दूर राहावें व जवळ झांकण ठेवावें.

येथेंच आम्ही फसलों. पहिला कोयता तेलांतून काढला तो तसाच माडावर चालवला. तुकडा उडाला, शेजाऱ्याचा डोळा थोडक्यांत वाचला. लोक म्हणाले, दृष्ट लागली! दृष्ट कसली, आमचें अज्ञान. तेलांतून निघालेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. तें घांसून चकचकीत करावें व पाठीकडून हळूहळू तापवावें. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमानें चढतात. पाठ निळी व धार जांभळी झाली कीं लगेच पाण्यांत बुडवून थांबवावें.

खाऱ्या वाऱ्यांत गंज लवकर चढतो. काम संपतांच पातें पुसून खोबरेल लावावें.

मुलांनो, मुलींनो, उद्यां एक तुकडा घेऊन हे रंग स्वतः पाहा, आणि पाहिलेलें शेजारच्या पोरास दाखवा. एवढेंच आमचें मागणें आहे.